वास्तव्याची वर्षं मोजा : श्री ठाणेदार यांना खुलं पत्र

मा. श्री ठाणेदार,
सदस्य, अमेरिकेचं प्रतिनिधिगृह



अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातल्या सदस्याला मराठीतून पत्र लिहावं आणि ते त्याला दुभाष्याविना कळावं, ही सोय तुमच्यामुळे झाली. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला माणूस डेट्रॉइटच्या मतदारांनी वॉशिंग्टनला पाठवला, याचा आनंद इथे अनेकांना झाला होता. हे पत्र मात्र अभिनंदनाचं नाही. तुमच्यासारखीच अमेरिका निवडून तिथे संसार मांडलेल्या, पण अजून तिथले होऊ न शकलेल्या लाखो भारतीयांविषयी ते आहे. त्यांत मराठी घरं भरपूर आहेत. ते दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं तिथे राहतात, कर भरतात, त्यांची मुलं तिथल्या सरकारी शाळांत शिकतात, आणि तरी कायद्याच्या लेखी ते तात्पुरते आलेले आहेत. त्यांना मत नाही, म्हणून त्यांचं म्हणणं मांडायला मत असलेली माणसं लागतात. ज्याने एखादा देश निवडला आणि वर्षानुवर्षं राहून, राबून ती निवड खरी करून दाखवली, त्याचा त्या देशातला हक्क वास्तव्याने ठरावा, जन्मस्थळाने ठरू नये, असं मला वाटतं. आज अमेरिकेचा कायदा बरोबर याच्या उलट हिशेब करतो.

तुमचीच वर्षं पाहा. १९७९ मध्ये तुम्ही ॲक्रन विद्यापीठात पीएच.डी.साठी गेलात आणि १९८८ मध्ये अमेरिकेचे नागरिक झालात. नऊ वर्षं. आता २००९ मध्ये एम.एस.साठी गेलेला पुण्याचा किंवा सांगलीचा एखादा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. शिक्षण संपलं, नोकरी लागली, एच-१बी हा नोकरीसाठीचा तात्पुरता व्हिसा मिळाला, आणि २०१३ च्या मध्यावर कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया सुरू केली. कोणत्या तारखेपूर्वी रांगेत लागलेल्यांचा नंबर आला, हे अमेरिकी सरकारचं व्हिसा बुलेटिन दर महिन्याला सांगतं. २०२५ च्या उन्हाळ्यात त्यात भारतीयांसाठी ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या वर्गाची तारीख होती १ जानेवारी २०१३. म्हणजे तेव्हा सोळा वर्षं झाली तरी त्याचा नंबर आलेला नव्हता. नंबर लागून कार्ड हाती पडलं की नागरिकत्वासाठी आणखी पाच वर्षं मोजायला सुरुवात होणार, आणि आधीच्या सोळा वर्षांपैकी एकही दिवस त्यात धरला जाणार नाही. तुमच्या आणि त्याच्या कष्टांत डावं-उजवं करण्याचं कारण नाही; तुम्ही गेलात तेव्हा ही रांग एवढी साचलेली नव्हती, इतकंच.

ही रांग कशी तयार झाली हे तुम्हाला ठाऊक आहे, पण इथल्या वाचकांसाठी ते मांडायला हवं. १९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारे द्यायच्या ग्रीन कार्डांची संख्या वर्षाला १,४०,००० ठरवली. या आकड्यात कर्मचाऱ्याबरोबर त्याची पत्नी किंवा पती आणि मुलंही मोजली जातात, म्हणजे चौघांचं एक घर चार कार्डं घेतं. त्यावर प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा. ईबी-२ वर्गाच्या वाट्याला वर्षाला साधारण ४०,००० कार्डं येतात. त्याचे सात टक्के म्हणजे जेमतेम २,८००. चार लाखांहून कमी वस्तीच्या आइसलंडला जी मर्यादा तीच १४० कोटींच्या भारताला. इतरांकडून उरलेली कार्डं एखाद्या वर्षी पुढे सरकतात आणि तारीख झपाट्याने पळते, मग ती तितक्याच वेगाने परत फिरते. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताची ईबी-२ तारीख डिसेंबर २०१४ पर्यंत आली होती. २०२३ च्या मध्यापर्यंत ती जानेवारी २०११ वर जाऊन बसली. तिथल्या मराठी घरांत दर महिन्याला ‘डेट हलली का?’ असं विचारतात, तेव्हा ती मागे हलली असण्याची धास्तीही त्या प्रश्नात असते. अमेरिकी संसदेच्याच संशोधन विभागाने २०२० मध्ये अंदाज बांधला की त्या वर्षी ईबी-२ च्या रांगेत नव्याने उभ्या राहणाऱ्या भारतीयाला १९५ वर्षं थांबावं लागेल. कॅटो इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासानुसार नोकरीच्या आधारे कार्ड मागणाऱ्या सुमारे १८ लाख प्रलंबित प्रकरणांपैकी ११ लाख भारतीयांची होती. १९५ वर्षं थांबायला सांगणं म्हणजे नकार देणंच आहे. फरक इतकाच की उघड नकार मिळाला तर माणूस दुसरी वाट धरतो, आणि इथे त्याला दर तीन वर्षांनी व्हिसा वाढवून देत आशेवर ठेवलं जातं.

या देशनिहाय मर्यादेत सगळ्यांत खटकणारी गोष्ट अशी, की ती नागरिकत्वावरही आधारलेली नाही. ती जन्म कुठे झाला त्यावर चालते. समजा, एका कुटुंबात दोन सख्खे भाऊ आहेत. वडील नोकरीसाठी काही वर्षं मस्कतला होते. थोरला पुण्यात जन्मला, धाकटा मस्कतला. दोघांचा पासपोर्ट भारताचाच, शाळा एक, अभियांत्रिकीचं कॉलेज एक, आणि पुढे अमेरिकेतली नोकरीही सारखीच. धाकट्याची गणना ओमानच्या खात्यात होते आणि त्याला काही वर्षांत कार्ड मिळतं. थोरला निवृत्त होईपर्यंत थांबतो. त्यातही थोरल्याची बायको काठमांडूत जन्मलेली असेल, तर तिच्या जन्मस्थळाचा आधार घेऊन तोही सुटतो. कोणत्या प्रसूतिगृहात डोळे उघडले यावर माणसाचं उभं आयुष्य ठरवणाऱ्या या नियमाला गुणवत्तेचा, गरजेचा किंवा सुरक्षेचा कुठलाही निकष लागू पडत नाही.

जन्मावरून दार लावण्याचा हा प्रकार तुमच्या देशाला नवा नाही. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टाच बंद केला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस ‘गोरा’ नसल्याने नागरिक होऊ शकत नाही असा निकाल दिला, आणि ज्यांना नागरिकत्व आधीच मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला सरकारने सुरुवात केली. पेशावरचे वैष्णोदास बगाई १९१५ मध्ये पत्नी कला आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला आले होते. घर घेतलं, दुकान टाकलं, १९२१ मध्ये नागरिक झाले. त्या निकालानंतर त्यांचं नागरिकत्व गेलं, त्यापाठोपाठ दुकान गेलं, भारतात जाऊन यायला अमेरिकी पासपोर्ट नाकारण्यात आला. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. देश निवडलेल्या माणसाला ‘तू इथला नाहीस’ असं कायद्याने सांगण्याचा अर्थ काय होतो, हे त्या मृत्यूत स्पष्ट दिसतं. कलाबाई मात्र तिथेच राहिल्या, पुढे नागरिक झाल्या, आणि आज बर्कलीतल्या एका रस्त्याला त्यांचं नाव आहे. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिक होण्याची वाट मोकळी झाली, पण भारतातून नव्याने येण्याची मुभा वर्षाला जेमतेम शंभर जणांना. त्याच वाटेने १९४९ मध्ये नागरिक झालेले दलीपसिंग सौंद १९५६ साली प्रतिनिधिगृहावर निवडून गेले. तुमच्या आधी तिथे पोचलेला तो पहिला भारतीय.

१९६५ च्या कायद्याने वंश आणि मूळ देश पाहून ठरवलेले कोटे रद्द केले. त्या कायद्यानेच पुढे तुम्हाला दार उघडलं, म्हणून त्याचं मोठेपण मी कमी लेखत नाही. प्रत्येक देशाला सारखी मर्यादा घालताना त्या वेळच्या लोकप्रतिनिधींना समतेचाच विचार करायचा होता, हेही मान्य. पण ती समता देशांना मिळाली, माणसांना मिळाली नाही. देश रांगेत उभा राहत नाही, माणूस उभा राहतो.

म्हणून मला वाटतं की यावरचं उत्तर खुद्द अमेरिकेच्याच कायद्यात, जरा विस्मरणात गेलेल्या जागी आहे. १९२९ मध्ये तुमच्या संसदेने एक साधी गोष्ट मान्य केली : जो माणूस खूप वर्षं इथे राहतो आहे, ज्याची चालचलणूक बरी आहे, त्याच्या येण्याच्या कागदांत खोट असली तरी त्याला कायमचा रहिवासी म्हणून नोंदवून घ्यावं. यालाच ‘रजिस्ट्री’ म्हणतात. सुरुवातीला जून १९२१ पूर्वी आलेल्यांना ती लागू होती. काळ पुढे सरकला तशी संसदेने ही तारीखही सरकवली : १९२४, मग १९४०, मग १९४८, आणि १९८६ मध्ये १ जानेवारी १९७२. त्यानंतर ती हललेली नाही. कलम आजही जिवंत आहे, पण त्याचा लाभ घ्यायला अर्धशतकाहून अधिक काळ तिथे राहिलेलं असावं लागतं. २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या सदस्या झोई लॉफ्ग्रेन यांनी ठरावीक तारीख काढून सात वर्षांचं वास्तव्य हा निकष आणणारं विधेयक मांडलं. ते पुढे गेलं नाही. ही कल्पना बाहेरून आणलेली नाही, हे मला इथे ठासून सांगायचं आहे. राहण्यातून नातं निर्माण होतं आणि कायद्याने त्या नात्याची नोंद घ्यावी, हे तत्त्व अमेरिकेने सत्तावन्न वर्षं पाळलं आणि मग नुसतं सोडून दिलं.

ते सोडल्याने घराघरांत काय होतं, ते बघा. एच-१बीवरच्या माणसाची नोकरी गेली की त्याला साठ दिवस मिळतात. २०२२-२३ च्या ले-ऑफच्या लाटेत घराचे हप्ते भरणाऱ्या, मुलं माध्यमिक शाळेत असलेल्या कुटुंबांनी हे साठ दिवस मोजले. आईवडिलांच्या अंत्यदर्शनाला भारतात यायचं, तर परतीच्या व्हिसाचं स्टॅम्पिंग वेळेत होईल का, या काळजीने कितीतरी जण आलेच नाहीत. २०१७ मध्ये कॅन्सस राज्यातल्या ओलेथा शहरात एका भारतीय अभियंत्याची वर्णद्वेषातून हत्या झाली. त्याच्या पत्नीचा अमेरिकेत राहण्याचा आधार त्याच्या व्हिसावर होता, त्यामुळे नवऱ्याबरोबर तोही गेला. अंत्यसंस्काराला ती भारतात आली, तेव्हा आपल्या घरी परतता येईल का हेच तिला ठाऊक नव्हतं. केविन योडर या रिपब्लिकन प्रतिनिधीने त्यात लक्ष घातलं आणि पुढे देशनिहाय मर्यादा उठवण्याचं विधेयक हाती घेतलं. प्रश्न पक्षाचा नव्हता, हे त्यातून दिसलं.

मुलांचं तर फारच वाईट आहे. दोन-तीन वर्षांचं असताना आईवडिलांबरोबर आलेलं मूल तिथेच बालवाडीपासून कॉलेजपर्यंत पोचतं, आणि एकवीस वर्षं पूर्ण झाली की ते आईवडिलांच्या अर्जातून बाद होतं. २००२ च्या कायद्याने वयात थोडी वजाबाकी करू दिली, पण दशकांच्या रांगेपुढे ती पुरत नाही. मग ते मूल परदेशी विद्यार्थी म्हणून एफ-१ व्हिसा मागतं, आणि त्यासाठी ज्या देशाची त्याला आठवणही नाही तिथे परत जाण्याचा आपला इरादा असल्याचं त्याला पटवून द्यावं लागतं. त्याची अमेरिकेत जन्मलेली धाकटी बहीण नागरिक असते. २०१२ मध्ये लहानपणी आलेल्या, कागद नसलेल्या मुलांना ‘डाका’ या सरकारी योजनेने संरक्षण दिलं, त्यातही ही मुलं बसली नाहीत, कारण त्यांच्याकडे वैध व्हिसा होता.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप असा, की हे लोक तात्पुरत्या व्हिसावर आले, अटी त्यांना माहीत होत्या, मग तक्रार कसली? एच-१बीवर येणाऱ्याच्या मनात कायमचं राहण्याचा हेतू असू शकतो, हे १९९० च्या कायद्यानेच मान्य केलं आहे. सहा वर्षांची कमाल मुदत ओलांडूनही देशनिहाय मर्यादेमुळे अडकलेल्यांना मुदतवाढ मिळावी, अशी तरतूद संसदेने २००० मध्ये केली. यांना आपण राहू देतो आहोत आणि आपल्याच नियमामुळे ते अडकले आहेत, हे ठाऊक असलेल्या राज्यसंस्थेला ‘तुम्ही तात्पुरते’ म्हणण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

दुसरा आक्षेप पगारांचा : हे लोक स्वस्तात राबतात, अमेरिकी कामगाराची मजुरी पडते. या आक्षेपात तथ्य आहे आणि तो झटकून टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही. एच-१बीचा वापर माणसं भाड्याने पुरवण्यासाठी झाला आहे. पण मजुरी पडते ती कामगार बांधलेला असतो म्हणून. नोकरी बदलायची तर नव्या कंपनीने श्रम खात्याची मंजुरी पुन्हा पहिल्यापासून घ्यायची, ही भीती असलेला माणूस पगारवाढ मागत नाही, जादा तासांबद्दल बोलत नाही. त्याला कार्ड द्या, तो शेजारच्या अमेरिकी सहकाऱ्याइतकाच पगार मागेल. डेट्रॉइटसारख्या कामगार चळवळीच्या शहराच्या प्रतिनिधीला हे अधिक सांगायला नको.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. मर्यादा उठवली तर काही वर्षं बहुतेक कार्डं भारतीयांना जातील आणि फिलिपिन्सच्या परिचारिकेला किंवा नायजेरियाच्या अभियंत्याला ताटकळावं लागेल. हे खरं आहे. म्हणून नुसती मर्यादा उठवणं पुरेसं नाही, आणि आपल्या लोकांनी तेवढंच मागू नये. संक्रमणाच्या काळात इतर देशांसाठी वाटा राखून ठेवावा लागेल, जसा आधीच्या विधेयकांत होता. त्याहून महत्त्वाचं, १,४०,००० हा आकडा अमेरिकेची लोकसंख्या पंचवीस कोटी होती तेव्हाचा आहे. आज ती चौतीस कोटींच्या घरात आहे. पत्नी-पती आणि मुलांना त्या आकड्यातून वगळलं, तरी कुणाचंही न हिरावता रांग बरीच पातळ होईल.

आणखी एक गोष्ट आपल्याच माणसांना उद्देशून. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला आणलं, त्यांत महाराष्ट्राचेही तिघे होते. तेव्हा ‘आम्ही कायदेशीर मार्गाने आलो, ते तसेच घुसले’ असं तिथल्या आणि इथल्याही अनेक सुशिक्षितांनी म्हटलं. मला हे दुःखद वाटलं. बेकायदा प्रवेशाला मी योग्य म्हणत नाही. पण वीस वर्षं तिथे राहून हॉटेलात, शेतात, बांधकामावर राबलेल्या माणसाचंही त्या देशाशी नातं जडतं, आणि रजिस्ट्रीचं तत्त्व मूळचं त्याच्यासाठीच होतं. वास्तव्याचा न्याय आपल्यापुरता मागायचा आणि त्याला नाकारायचा, यात सुसंगती नाही.

इथून विचारलं जाईल की महाराष्ट्रात शिकलेली माणसं तिकडे कायमची राहावीत म्हणून मराठी लेखकाने का रदबदली करावी? त्यांना थांबवायचं असेल तर इथे संधी, शहरं आणि संस्था सुधाराव्यात; त्यांना तिकडे लटकत ठेवून ती परत येत नाहीत. शिवाय भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे परका देश पत्करणं म्हणजे इथला पासपोर्ट कायमचा सोडणं. २०२२ या एका वर्षात २,२५,६२० जणांनी तो सोडला. इतक्या जड मनाने केलेल्या निवडीला माया आटल्याचं लक्षण मानू नये. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे पाहा : गदर या ब्रिटिशविरोधी चळवळीतले क्रांतिकारक. त्यांना मेक्सिकोने जवळ केलं. चापिंगोच्या शेतकी विद्यालयात त्यांनी शिकवलं, मक्यावर संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी शाळा चालवल्या; दिएगो रिवेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात जागा दिली. आयुष्याची अखेर त्यांनी नागपुरात केली. त्यांनी दोन्ही देशांवर प्रेम केलं, आणि दोन्ही देशांना त्याचा फायदाच झाला.

जन्मस्थळ न विचारणारा दुसरा मार्ग चालतो का, हे पाहायला डेट्रॉइट नदीपलीकडे विंडसरकडे पाहिलं तरी पुरे. कॅनडाने १९६७ मध्ये गुणांकन पद्धत आणली. शिक्षण, वय, भाषा, अनुभव यांवर ती चालते, जन्मस्थळ विचारत नाही. तिथे पाच वर्षांत १,०९५ दिवस राहिलं की नागरिकत्व मागता येतं, आणि कायम परवान्याआधी तात्पुरते काढलेले दिवसही ठरावीक मर्यादेपर्यंत अर्धे धरले जातात. घरटंचाईसारखे कॅनडाचे प्रश्न गंभीर आहेत आणि अलीकडे त्याने येणाऱ्यांची संख्या कमीही केली. पण संख्या कमी करणं हा देशाचा अधिकार आहे. आधीच आत घेतलेल्यांना दशकानुदशकं अधांतरी ठेवणं ही वेगळी गोष्ट.

१० जुलै २०१९ रोजी प्रतिनिधिगृहाने देशनिहाय मर्यादा उठवणारं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही आपला वेगळा मसुदा एकमताने संमत केला. दोन्हींचा मेळ बसण्याआधी त्या संसदेची मुदत संपली. म्हणजे बहुमत एकदा जमलं होतं. आजचं वातावरण त्याहून कठीण आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं गेलं. तरीही माझी विनंती आहे की तुम्ही हा विषय पुन्हा लावून धरावा, आणि तो केवळ भारतीयांचा म्हणून नव्हे, तर वास्तव्याचा म्हणून : रजिस्ट्रीची तारीख दरवर्षी आपोआप पुढे सरकावी, कायदेशीर व्हिसावर काढलेली वर्षं नागरिकत्वाच्या मुदतीत काही अंशी तरी धरली जावीत, रोजगाराच्या कार्डांवरची जन्मदेशाची मर्यादा टप्प्याटप्प्याने जावी. हे सगळं एका सत्रात होणार नाही, हे कळतं. पण मुलांचं कलम वेगळं काढता येईल. आईवडिलांचा अर्ज दाखल झाला त्या दिवशीचं वय कायम धरायचं, एवढंच ते कलम, आणि त्यासाठी एकाही जादा कार्डाची गरज नाही. या वर्षी एकवीस पूर्ण करणाऱ्यांसाठी तरी ते आधी मांडा.